करारात ‘इरेव्होकेबली’ लिहिलंय, म्हणजे नेमकं काय?

नौपाड्यातल्या तुमच्या सोसायटीच्या पुनर्विकास मसुद्यात ‘सोसायटी इरेव्होकेबली अपॉइंट्स द डेव्हलपर’ असं वाक्य आहे, म्हणून विचारताय ना? अर्थ सरळ आहे: एकदा दिलेला अधिकार पुन्हा मागे घेता येणार नाही, अशा रीतीने नेमणूक केली. उच्चार साधारण ‘इरेव्हकब्ली’, जोर ‘रे’वर. वकिलांकडे ‘इर-रिव्होकेबली’ ऐकू येतं, तेही चालून जातं.

हा शब्द वचन, निर्णय, अधिकार, हमी यांच्यासोबत येतो. घडून गेलेल्या नुकसानीला सहसा ‘इरिव्हर्सिबली’ वापरतात: भराव टाकून खाडीकाठची तिवरं कायमची गेली, तर तिथे हा दुसरा शब्द. बोलण्यात मात्र दोन्ही अवजड. ‘मी इरेव्होकेबली वडापाव सोडला’ असं कोणी म्हणालं तर ते गमतीतच घ्यावं. ‘परमनंटली’ त्याहून सौम्य, कारण कायम म्हणून दिलेली पार्किंगची जागासुद्धा उद्या काढून घेता येते.

आता कामाचं. नुसता शब्द लिहिला म्हणून अधिकारपत्र अभेद्य होत नाही. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 202 नुसार, ज्याला अधिकार दिला त्याचा, ज्या मालमत्तेबाबत तो अधिकार आहे तिच्यात स्वतःचा हितसंबंध असेल, तर वेगळं काही ठरलेलं नसताना त्या हिताला बाध येईल असा तो अधिकार काढता येत नाही. बिल्डर नेमका हाच मुद्दा धरतो. त्यामुळे सही करण्याआधी सोसायटीच्या वकिलांना एवढंच विचारा: बिल्डरने द्यायचं भाडं थकलं किंवा काम रखडलं, तर करार रद्द करायचं कलम कुठल्या पानावर आहे?