एसक्यूएल सर्व्हरची (मायक्रोसॉफ्टचा डेटाबेस प्रोग्राम) एमडीएफ, म्हणजे मुख्य डेटा फाइल, लॉक दाखवतेय? आधी एरर पूर्ण वाच

अरे, फाइल लॉक आहे म्हणून एलडीएफ, म्हणजे डेटाबेसमधल्या बदलांची लॉग फाइल, डिलीट करायचा विचारसुद्धा करू नकोस, डेटा फाइलमध्ये अजून न उतरलेले व्यवहार (बदल) त्यातच असतात. एसक्यूएल सर्व्हर चालू असताना एमडीएफ त्याच्याच ताब्यात असते, कॉपी होणारच नाही, त्यासाठी बॅकअप घे. पण डेटाबेसच उघडत नसेल आणि 5120 नंबरची एरर येत असेल तर त्याच ओळीत ऑपरेटिंग सिस्टीमचा आकडा बघ, 5 म्हणजे परमिशन नाही, 32 म्हणजे दुसऱ्याच कुणीतरी फाइल धरून ठेवलीय. 32 असेल तर विंडोजच्या रिसोर्स मॉनिटरमध्ये सीपीयू टॅबवर असोसिएटेड हँडल्समध्ये फाइलचं नाव टाक, कोण ते कळतं. माझ्याकडे सर्व्हर रिस्टार्ट झाला की अँटीव्हायरस आधी फाइल पकडायचा, एमडीएफ-एलडीएफ स्कॅनमधून वगळल्या तेव्हा थांबलं.