शंका-समाधान : जप आपल्या बेताने

प्रश्न : 'श्रीराम जय राम जय जय राम' हा अनुग्रहात मिळालेला मंत्र आहे. रोज ५ माळांचा नेम. सकाळी घरात वेळ मिळत नाही, म्हणून वाशी-ठाणे लोकलमध्ये मनातल्या मनात जप करते. एक श्वास, एक मंत्र असं बसवते. पण कोपरखैरणे येईपर्यंत डोकं हलकं होतं, बोटांना मुंग्या येतात. मंत्र छोटा करू का?
– एक वाचक, वाशी

उत्तर : मंत्राला हात लावू नका. अनुग्रहातल्या मंत्राचं अक्षर बदलायचं असेल तर ज्यांनी दिला त्यांनाच विचारावं. वेग, आवाज, जागा आणि मोजण्याची रीत मात्र तुम्ही आपल्या सोयीने बदलू शकता.

त्रास श्वासामुळे होतोय. मंत्र १३ अक्षरांचा. सहज म्हटला तर साधारण ३ सेकंद लागतात. स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला १२ ते २० वेळा श्वास घेतो, म्हणजे अख्खा श्वासच ३ ते ५ सेकंदांचा. त्यात मंत्र कोंबायला गेलं की माणूस नकळत मोठे, खोल श्वास भराभर घेऊ लागतो. रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि डोकं हलकं होणं, मुंग्या येणं सुरू होतं. आठवडाभर श्वासाकडे बघूच नका. मंत्र त्याच्या लयीत, श्वास त्याच्या. मग वाटलंच तर श्वास सोडताना एकदा मंत्र, घेताना काहीच नाही. श्वास मुद्दाम लांबवायचा नाही. इटलीतल्या संशोधकांनी २००१ मध्ये ख्रिस्ती जपमाळ आणि 'ॐ मणि पद्मे' मंत्र म्हणणाऱ्यांचा श्वास मोजला, तो मिनिटाला सहाच्या आसपास आलेला दिसला. म्हणण्याच्या लयीनेच तो संथ झाला होता. (जप बंद केल्यावरही चक्कर येत असेल, तर डॉक्टरांना दाखवा.)

आता लोकल. गर्दीत माळ काढू नका, करमाळ पुरते आणि तिला एकच हात लागतो. अंगठ्याने पेरं मोजायची : अनामिकेचं मधलं, मग तळाचं, करंगळीचं तळाचं, मधलं, टोकाचं, अनामिकेचं टोक, मधल्या बोटाचं टोक, तर्जनीचं टोक, मधलं, तळाचं. झाले १०. मधल्या बोटाची उरलेली दोन पेरं म्हणजे मेरू, त्यांना स्पर्श करायचा नाही. अशा १० फेऱ्यांचे १००. वरचे ८ अनामिकेच्या तळापासून तर्जनीच्या मधल्या पेरापर्यंत. बसायला मिळालं तर फेऱ्या डाव्या हातावर मोजा. उभ्याने एक हात कडीला अडकलेला असतो, तेव्हा फेऱ्यांचा हिशेब सोडून द्या. आमचं मत विचाराल तर ५ माळांऐवजी २ माळा घरीच, दात घासून झाल्याबरोबर कराव्यात. त्याला १०-१२ मिनिटं लागतात. गाडीतला जप वरकड समजावा. रोजचा आकडा गाडीत पुरा करायचा म्हटलं की ऐरोलीनंतर वेग वाढतो आणि 'जय जय'मधला एक 'जय' गळतो. नेमाचा आकडा सांगूनच दिला असेल, तर तो कमी करण्याआधी विचारून घ्या.

प्रश्न : मानसजप सर्वांत श्रेष्ठ म्हणतात, पण पाचव्या मिनिटाला डुलकी लागते.
– एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : मग सध्या उपांशू करा : ओठ हलतील, शेजाऱ्याला ऐकू येणार नाही. त्यातही पेंग आली तर दहा-पंधरा मंत्र स्पष्ट मोठ्याने, म्हणजे वाचिक. तिन्ही रीती एकाच बैठकीत चालतात. मन सैरभैर असेल तेव्हा आवाजापासून सुरुवात करून आत उतरायचं, सुस्ती आली की पुन्हा बाहेर यायचं. जेवणानंतर दोन तास बसू नका, डोळे अर्धवट उघडे ठेवा. दुसरी गोष्ट : मानसजपात जीभ टाळूला दाबली जाते, जबडा आवळतो. दर माळेला मेरुमण्याशी आलात की जबडा सैल सोडा, मग माळ उलट फिरवा. भुवयांमध्ये ताणून लक्ष धरल्याने कपाळ दुखत असेल, तर लक्ष मंत्राच्या ध्वनीवर आणा. आणि रात्रीची झोपच पाच तास असेल, तर ही डुलकी जपाच्या खात्यावर टाकू नका.

प्रश्न : गुडघ्यांमुळे मांडी घालता येत नाही. खुर्चीवर केलेला जप लागू पडतो का?
– एक वाचक, नेरूळ

उत्तर : पडतो. पतंजलींची आसनाबद्दलची अट दोनच : स्थिर आणि सुखाचं. हातांची, सरळ बैठकीची खुर्ची घ्या, सोफा नको. त्यात कंबर आत जाते आणि पाठ गोल होते. पावलं जमिनीला पूर्ण टेकली पाहिजेत. टेकत नसतील तर खाली पाट ठेवा. माळ धरलेला हात हवेत तोलून धरला की खांदा भरून येतो, म्हणून मांडीवर उशी घेऊन मनगट तिच्यावर टेकवा. माळ मधल्या बोटावर, अंगठ्याने ओढायची, तर्जनी बाजूला. अंगठ्याच्या सांध्यालाही दुखणं असेल तर मोठ्या मण्यांची माळ घ्या, नाहीतर घड्याळात १० मिनिटांचा गजर लावून न मोजता जप करा.