सोलर डेकॅथलॉन इंडियासाठी कोकणातलं नेट-झीरो घर: किती पॅनेल लावायचे, सुरुवात कुठून करायची?

प्रश्न थोडक्यात असा: सोलर डेकॅथलॉन इंडिया या विद्यार्थ्यांच्या डिझाइन स्पर्धेसाठी आर्किटेक्चर आणि मेकॅनिकलच्या विद्यार्थ्यांची टीम आहे, रत्नागिरीकडे १०० चौरस मीटर कार्पेट एरियाचं एकमजली नेट-झीरो घर (वर्षभरात वापरेल तेवढी वीज स्वतःच बनवणारं) डिझाइन करायचंय, आणि छतावर किती किलोवॉट सोलर लागेल इथंच गाडी अडली आहे.

पॅनेलचा हिशोब सगळ्यात शेवटी येतो, आणि तो दहा मिनिटांचा असतो. आधी भिंत, छत आणि खिडकी ठरवा.

स्पर्धेबद्दल एवढंच लक्षात ठेवा. २००२ साली वॉशिंग्टनमध्ये सुरू झालेल्या मूळ स्पर्धेत घर खरोखर बांधून उभं करावं लागे. आयआयटी मुंबईची ‘टीम शून्य’ २०१४ साली व्हर्सायला तसंच घर घेऊन गेली होती. भारतातल्या स्पर्धेत तुम्ही खऱ्या प्रकल्पाचं डिझाइन करता आणि प्रोजेक्ट पार्टनर सोबत असतो. म्हणजे परीक्षक रेंडर (संगणकावरची देखणी चित्रं) बघून भुलत नाहीत, कागदावरचे आकडे एकमेकांशी ताडून बघतात.

छतापासून सुरू करा. यू-व्हॅल्यू म्हणजे छतातून किंवा भिंतीतून उष्णता किती सहज आत येते त्याचं माप, जितकी कमी तितकं चांगलं. नुसत्या १५० मिमी आरसीसी स्लॅबची ती साधारण ३.३ येते आणि इको निवास संहितेची (घरांसाठीच्या ऊर्जा-बचत नियमांची) मर्यादा आहे १.२. स्लॅबवर ५० मिमी एक्सपीएस (उष्णता अडवणारा दाट फोम) टाकलं की ती ०.६ च्या आत जाते. थर्माकोल, म्हणजे ईपीएस, स्वस्त म्हणून वापरू नका. कोकणच्या पावसात ते पाणी धरतं आणि ओलं झालं की त्याचा उपयोग संपतो. खालून वर क्रम असा: स्लॅब, उताराचा कोबा, वॉटरप्रूफिंग, एक्सपीएस, जिओटेक्स्टाइल (पाणी झिरपू देणारं कापड), जाळी घातलेलं स्क्रीड (सिमेंटचा पातळ थर), वर पांढरं चायना मोझॅक. पॅनेल स्टँडचे पाय स्लॅब ओततानाच पेडेस्टल म्हणून काढा. मागाहून ड्रिल मारून अँकर ठोकले की वॉटरप्रूफिंग तिथंच फुटतं, आणि गळती दिसते भलत्याच खोलीत. कोकणात स्लॅबवर पत्र्याची शेड टाकायची रीत आहेच. पॅनेलनाच ती शेड करा, खालून वारा खेळू द्या, स्लॅबला सावलीही मिळेल.

भिंतीसाठी जांभा चिरा घ्यायचा मोह होईल, आणि तो चांगला मोह आहे. चिरा भाजावा लागत नाही, त्यामुळे एम्बॉडीड कार्बन (साहित्य बनवतानाच होणारं कार्बन उत्सर्जन) कमी. पण उष्णता अडवण्यात तो एएसी ब्लॉकच्या (हलक्या सच्छिद्र काँक्रीटच्या विटेच्या) जवळपासही जात नाही. संहितेतली आरईटीव्हीची, म्हणजे भिंती-खिडक्यांतून मिळून आत येणाऱ्या उष्णतेची, मर्यादा १५ वॉट प्रति चौरस मीटर आहे. भिंतीची यू-व्हॅल्यू २ धरली आणि काच भिंतीच्या १५ टक्के ठेवली, तर ढोबळमानाने भिंतीतून ९, काचेतून येणाऱ्या उन्हाचे ८ आणि काचेच्या वहनाचा १, असे १८ च्या आसपास होतात. नापास. आता खिडक्यांवर नीट सावली देऊन काचेची परिणामी एसएचजीसी (उन्हाच्या उष्णतेचा किती हिस्सा आत येतो ते) ०.८ वरून ०.५ वर आणा: उन्हाचे ८ चे ५ होतात आणि तुम्ही १५ च्या काठावर आत येता. म्हणजे चिरा ठेवायचा तर त्याचा खर्च छज्ज्यात मोजावा लागतो. चिऱ्याची यू-व्हॅल्यू मात्र विटेच्या तक्त्यातून उचलू नका. ज्या खाणीचा चिरा वापरणार तिथला नमुना तपासून घ्या.

छज्जे चारही बाजूंना सारखे काढणं ही नेहमीची चूक. दक्षिणेला १.२ मीटर उंच खिडकीवर ६०० मिमी छज्जा असेल तर मार्चच्या दुपारी संपूर्ण काच सावलीत असते आणि डिसेंबरात साधारण अर्धी. पश्चिमेला तोच छज्जा निरुपयोगी, कारण चारनंतरचं ऊन खालून तिरकं येतं. तिथं उभ्या पट्ट्या, लूव्हर किंवा सरळ पडवी द्या. आणि उत्तरेला ऊन येत नाही हे आपल्याकडे खोटं आहे. मेच्या मध्यापासून जुलै अखेरपर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो. उत्तरेच्या भिंतीला सकाळ-संध्याकाळ ऊन लागतं, तेव्हा छोट्या उभ्या फिन (भिंतीतून बाहेर काढलेल्या पट्ट्या) हव्यात.

खिडकीत सगळ्यात जास्त गुण वाया जातात. उष्ण-दमट हवामानात उघडणारं क्षेत्रफळ कार्पेट एरियाच्या १६.६६ टक्के लागतं, म्हणजे तुमच्या घराला १६.६६ चौरस मीटर. दोन ट्रॅकची स्लायडिंग खिडकी उघडते निम्मीच, त्यामुळे ती निम्मीच मोजायची. बिजागरीची पल्ल्याची खिडकी घेतली तर जवळजवळ पूर्ण मोजता येते.

सिम्युलेशनमध्ये डिझाइनबिल्डर हे सॉफ्टवेअर वापरत असाल तर नॅचरल व्हेंटिलेशन ‘शेड्यूल्ड’वर आहे की ‘कॅल्क्युलेटेड’वर, हे आज बघा. शेड्यूल्डमध्ये हवाबदलाचा आकडा तुम्हीच दिलेला असतो. मग घर थंड निघालं यात नवल काय? कॅल्क्युलेटेडवर आणा, मच्छरजाळीसाठी डिस्चार्ज कोइफिशंट (खिडकीतून वारा किती सहज जातो तो आकडा) उतरवा आणि जोराच्या पावसात खिडक्या बंद धरा. आरामाची मर्यादा आयमॅकवरून (भारतीय हवामानासाठीच्या आरामदायी तापमानाच्या मॉडेलवरून) घेताना ऑफिसचं सूत्र घराला लावू नका, घरांसाठी वेगळं आहे. ‘नाइट फ्लशिंग’ची, म्हणजे रात्रीची गार हवा खेळवून भिंती थंड करण्याची, आकृतीही अहवालातून काढून टाका. मे महिन्यात किनाऱ्यावरची रात्र इतकी उबदार आणि दमट असते की भिंती थंड व्हायला वावच नसतो. नागपूरच्या हिवाळ्याकडे झुकणाऱ्या महिन्यांत ती युक्ती चालते, इथं आधार आरपार वाऱ्याचा आणि पंख्याचा.

आता पॅनेल. रोजची युनिट अशी धरा: ३० वॉटचे पाच बीएलडीसी (कमी वीज खाणारे) पंखे दहा तास १.५, दिवे ०.४, फ्रिज ०.८, अर्ध्या एचपीचा पंप तासभर ०.४, टीव्ही-मिक्सर-वॉशिंग मशीन-लॅपटॉप मिळून १.२, हीट पंपवर (हवेतली उष्णता खेचून पाणी तापवणारं यंत्र) गरम पाणी १. बेरीज ५.३, म्हणजे वर्षाला सुमारे १,९३०. एका एसीचे १२० रात्री रोज ४ प्रमाणे ४८०. गॅस काढून इंडक्शन घेणार असाल तर वर्षाला आणखी ६४०. हे बहुतेक टीम विसरतात. एकूण ३,०५०. आपल्याकडे १ किलोवॉटमागे वर्षाला सुमारे १,४०० युनिट मिळतात, तेव्हा २.२ किलोवॉट, म्हणजे ५५० वॉटची चार पॅनेल, जेमतेम पुरतात. धूळ आणि पॅनेलच्या उतरत्या क्षमतेसाठी पाचवं घ्या. याच घरात ७५ वॉटचे साधे पंखे लावले तर वर्षाला ८२० युनिट वाढतात. ते एका पॅनेलच्या उत्पादनापेक्षा जास्त आहेत. तक्ता महिनावार द्या. जुलैत उत्पादन कोसळतं आणि परीक्षक पहिल्यांदा तोच महिना बघतात.

रेझिलियन्सच्या, म्हणजे संकटात घर तग धरण्याच्या, भागात एक ठरलेली खोट असते. साधा ग्रिड-टाय इन्व्हर्टर लाइट गेली की बंद पडतो, भर उन्हात पॅनेल असूनही घर अंधारात. वादळानंतर कोकणात वीज कित्येक दिवस नसू शकते, म्हणून बॅटरीवरही चालणारा हायब्रिड इन्व्हर्टरच दाखवा. तीन पंखे, पाच दिवे, फ्रिज आणि राउटर एवढंच वेगळ्या डीबीवर (वीज वाटप पेटीवर) घ्या: दिवसाला सुमारे २.४ युनिट. बॅटरीचा ८० टक्के वापर आणि इन्व्हर्टरची तूट धरून ३.५ किलोवॉट-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी एक दिवस काढते. एसी, इंडक्शन आणि हीट पंप चुकूनही त्या डीबीवर नकोत.

शेवटचं काम एकाच माणसाला द्या: ड्रॉइंग, सिम्युलेशन मॉडेल आणि खर्चाचा तक्ता यांतली काच, भिंत आणि पॅनेलची संख्या दर आठवड्याला जुळवणं. सबमिशनच्या आदल्या रात्री आर्किटेक्टनं दर्शनी भाग छान दिसावा म्हणून खिडकी रुंद केली, की आरईटीव्ही काठावरून बाहेर जातो, आणि अहवालात मात्र जुनाच आकडा राहतो.