नोबत, नौबत आणि नगारा वाजवून बसवलेला राजा

विचारणा अशी आहे: मलेशियातल्या राज्यारोहणाबद्दल वाचताना 'नोबत' हा शब्द भेटला, ती आपली नौबतच का? आणि असेल, तर राजाच्या मानाची ही नौबत आपल्याकडे 'उपाशी राहायची नौबत आली' अशी रडकी कशी झाली?

शब्द तोच, पण तो आपल्याकडून तिकडे गेला असं समजायला नको. मूळ अरबी शब्दाचा अर्थ पाळी, खेप. फारसीत त्याची 'नौबत' झाली. पहाऱ्याची पाळी, आणि मग राजद्वारी ठरल्या वेळी झडणारे नगारे, हे अर्थ त्यातून आले. मुसलमानी दरबारी रिवाजाबरोबर हा शब्द दख्खनेत आला, तसाच समुद्रापलीकडे मलय सुलतानांकडेही पोचला.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. 'नौबत झडणे' यातली नौबत नगाऱ्याची, 'नौबत येणे' यातली पाळीची. 'भीक मागायची पाळी आली' हे वाक्य शेजारी ठेवून पाहा. संकट नगारे वाजवत येतं म्हणून नौबत, अशी व्युत्पत्ती कुणी ऐकवली तर हसून सोडून द्यावी.

मलयमध्ये पाळीचा अर्थ रुजला नाही. तिथे नोबत म्हणजे फक्त राजाचा वाद्यमेळ. केदाह, पेराक, सलांगोर, तेरेंगानू या मलेशियातल्या राज्यांत आणि ब्रुनेईत तो आजही आहे. त्यात 'नगारा' (हा आपला नगाराच), दोन तोंडांचे 'गंदांग' ढोल, 'नाफिरी' नावाची लांब तुतारी आणि सनईसारखी 'सेरुनाई' असते. केदाहच्या मेळात गाँगही असतो. ही वाद्यं राजचिन्हांत मोडतात. छत्र, कट्यार यांच्या बरोबरीची. नोबत झडल्याशिवाय राज्यारोहण पुरं झालं असं या घराण्यांत मानत नाहीत. वाजवणारेही हवे ते नाहीत. पेराकमध्ये हा मान 'ओरांग कालुर' म्हणवणाऱ्या घराण्यांकडे वंशपरंपरेने आहे. केदाहची राजधानी आलोर सतार इथे तर या वाद्यांसाठी 'बालाई नोबत' हा स्वतंत्र मनोराच आहे.

आपल्याकडे नगारखाना रायगडावर दिसतो, तसा गोव्यातल्या देवळांच्या दारावरही दिसतो. देवालाच राजा मानल्यामुळे नौबतीवर त्याचाही हक्क आला. मलय नोबत मात्र सुलतानाचीच राहिली.

सेरुनाईकडे वळू. फारसी 'सुर्नाय'मधल्या 'सूर'चा अर्थ सण, जल्लोष. 'नाय' म्हणजे पावा. आपल्या 'स्वर'शी त्याचा संबंध जोडायचा मोह आवरावा. सनईचं गोत्रही हेच, 'शहनाई'तला 'शाह' म्हणजे राजा ही गोष्ट कितीही गोड वाटली तरी. पण सेरुनाई दरबारात अडकून पडली नाही. मलेशियातल्याच केलांतान राज्यातल्या चामड्याच्या बाहुल्यांच्या खेळात, 'वायांग कुलित'मध्ये, ती आहे आणि सिलात या मर्दानी खेळातही ढोलांबरोबर आहे. वाजवणारा गालात हवा धरून नाकाने श्वास घेतो, त्यामुळे सूर तुटत नाही. आपल्याकडचे काही सनईवालेही हेच करतात.

मला यातला सगळ्यात आवडता शब्द मात्र 'पर्ताबालान', म्हणजे राज्यारोहण. त्यातला 'ताबाल' हा अरबी 'तब्ल', म्हणजे ढोल. आपल्या तबल्याचा उगमही हाच. 'मनाबाल्कान' म्हणजे गादीवर बसवणं. शब्दशः पाहिलं तर नगारा वाजवून बसवणं. आपण राज्याभिषेक पाण्याने करतो, ते नगाऱ्याने करतात. नोबतपासूनही असंच क्रियापद झालं, आणि इंडोनेशियात तर ते राजवाड्याबाहेर पडलं. तिथे बॅडमिंटनचा विजेताही 'दिनोबात्कान' होतो, म्हणजे विजेता म्हणून घोषित होतो, आणि त्या वेळी नगारा कुणी वाजवत नाही.