जेंटूवर लिबरऑफिस कंपाइल करताना 'नो स्पेस लेफ्ट': तात्पुरत्या फाइल कुठे ठेवाव्यात?

जेंटू या लिनक्सवर लिबरऑफिस कंपाइल करताना जागा संपल्याची ही एरर येते, असं तुम्ही विचारलंत. तुमची रॅम १६ जीबी आहे आणि पोर्टेजची (जेंटूचं पॅकेज बसवणारं साधन) बिल्डची जागा टीएमपीएफएसवर (रॅममध्येच फाइल ठेवणारी फाइल सिस्टिम) आहे, म्हणजे अडचण तिथेच आहे. टीएमपीएफएसला आकार दिला नाही तर तो रॅमच्या निम्मा धरला जातो, तुमच्याकडे ८ जीबी. लिबरऑफिस, क्रोमियम यांसारख्या मोठ्या पॅकेजेसना एवढी जागा अपुरी पडू शकते.

आकार वाढवून १४ जीबी करू नका. त्याच रॅममधून कंपायलरलाही मेमरी लागते. मेकच्या (बिल्ड चालवणारं साधन) प्रत्येक समांतर कामामागे साधारण २ जीबी धरा. आठ कामं लावलीत तर १६ जीबी तिथेच संपली. मग स्वॅप (रॅमऐवजी डिस्क वापरणं) सुरू होतो किंवा कर्नल (लिनक्सचा गाभा) कंपायलरच मारून टाकतो, तेही चार तास बिल्ड चालल्यावर. फार जीव जळतो.

माझ्या मते लहान पॅकेजेस रॅममध्येच राहू द्या, फक्त मोठी डिस्कवर पाठवा. पोर्टेजच्या 'पॅकेज डॉट एन्व्ह' फाइलच्या मदतीने पॅकेजनुसार वेगळं 'पोर्टेज टीएमपीडीआयआर' (बिल्डच्या तात्पुरत्या फाइलचा फोल्डर) देता येतं. तो फोल्डर आधी स्वतः तयार करा, मालकी पोर्टेज युजरला द्या. आणि तो फोल्डर ज्या विभाजनावर आहे ते 'नोएक्झेक'ने (तिथले प्रोग्रॅम चालू न देणारा पर्याय) माउंट केलेलं नाही ना, हे नक्की पाहा. नाहीतर कॉन्फिगर स्क्रिप्टच चालणार नाही.

एसएसडी झिजेल म्हणून घाबरू नका, अधूनमधून केलेल्या बिल्डने तिला फारसा फरक पडत नाही. कंपायलरच्या फ्लॅग्जमध्ये 'पाइप' मात्र असू द्या, मधल्या टप्प्यांच्या फाइल डिस्कवर लिहिणं त्याने टळतं.