एकच मोठा डॉक्टर सांगा ना, मॅडम!

"न्यूरोवाले एक सांगतात, फिजिओवाले दुसरंच. हाडांचे डॉक्टर म्हणतात एक्स-रे काढा. मॅडम, एकच मोठा डॉक्टर सांगा, आम्ही त्याचंच ऐकतो." साताऱ्याहून मुलाला पुण्याला आणणारी एक आई वैतागून म्हणाली. सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर ताबा न राहणं), डिस्टोनिया (स्नायू आपोआप ताठ होऊन अंग पिळवटणं) असलेल्या मुलांच्या घरांतून ही तक्रार सारखी येते, आणि ती रास्तच आहे. एसटीचं भाडं, बाबांची बुडालेली हजेरी, शिवाय दर ठिकाणी सगळी कहाणी पहिल्यापासून सांगायची.

मुलगा नऊ वर्षांचा. त्याला ओम म्हणू. जन्मानंतरची कावीळ मेंदूपर्यंत गेली, तेव्हापासून अंग मनाविरुद्ध पिळवटतं. झोपेत सैल, जाग आली की मान मागे, हात वाकडा. गेल्या काही आठवड्यांत हे खूपच वाढलं होतं. "आजार वाढतोय का हो?" हे मात्र आईने अगदी हळू विचारलं. मेंदूला तेव्हा झालेली इजा पुढे वाढत नाही. त्रास अचानक वाढला तर कारण दुसरीकडे शोधायचं असतं.

मी फाईल मागितली. फाईल कसली, कॅरीबॅग होती! सगळे कागद आम्ही सतरंजीवर तारखेप्रमाणे मांडले. ट्रायहेक्सीफेनिडिल या डिस्टोनियावरच्या औषधाचा डोस वाढवलेला. पुढच्या चिठ्ठीत बालरोगतज्ज्ञांनी पोट साफ होण्याचं औषध दिलेलं. मग फिजिओच्या वहीत 'फार ताठ, व्यायाम झाला नाही'. मग डोस पुन्हा वाढवलेला. ट्रायहेक्सीफेनिडिलने शौचाला खडा होऊ शकतो. आणि पोट तटलं, दात ठणकला, खुब्यात कळ आली की डिस्टोनिया भडकतो. आपापल्या खोलीत प्रत्येकाचं बरोबरच होतं.

औषधावर बोलणं माझं काम नाही. मी कागदांचे फोटो न्यूरोलॉजिस्टना पाठवले आणि सगळ्यांना एकत्र बसायची विनंती केली. त्या बैठकीत स्पीच थेरपिस्टने ओमला घोटभर पाणी पाजून पाहिलं. ठसका लागला. ठसक्याच्या भीतीने घरचे पाणीच कमी देत होते, हे तेव्हा कळलं! पाणी जरा दाट करून द्यायचं ठरलं, डोस टप्प्याटप्प्याने खाली आला. एक्स-रेत खुबा थोडा सरकलेला निघाला. त्यावर आता हाडांचे डॉक्टर लक्ष ठेवतात.

तेव्हा ओमच्या आईला मी सांगितलं, "एका डॉक्टरने भागणार नाही. पण औषध बदलायचं ते एकानेच, बाकीच्यांनी त्यांना कळवायचं. चालू औषधांचा एक कागद जवळ ठेवा, घरातल्या त्रासाचा व्हिडिओ मोबाईलवर घ्या. आणि बॅक्लोफेन, म्हणजे स्नायू सैल करायचं औषध, स्वतःहून एकदम बंद करू नका." नेहमीच्या थेरपीसाठी जिल्ह्याच्या डीईआयसीत, म्हणजे अशा मुलांसाठीच्या सरकारी उपचार केंद्रात, नाव घातलं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अठरा वर्षांपर्यंत ही सोय आहे.

ओमला काय हवंय, हे बैठकीत शेवटी विचारलं. पहिल्यांदा विचारायला हवं होतं, असं माझं मत. त्याला कॅरमचा स्ट्रायकर मारायचा होता. हाताची रोजची कामं शिकवणाऱ्या ऑक्युपेशनल थेरपिस्टने तिथूनच सुरुवात केली.

आता पुण्यातल्या बहुतेक भेटी एकाच दिवशी होतात. दातांचे डॉक्टर तेवढे गुरुवारीच बसतात, त्यावर अजून तोड निघालेली नाही.