उजेडाचा हिशेब : उत्तरेकडच्या हिवाळ्याविषयी वाचकांचे प्रश्न

स्वीडनमधल्या उप्साला शहरी लेकीकडे काढलेल्या तीन हिवाळ्यांविषयी मी गेल्या अंकात लिहिले होते. त्यानंतर सातारा आणि सांगली जिल्ह्यांतून बरीच पत्रे आली. त्यांतली बहुतेक, ज्यांची मुले शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी तिकडे गेली आहेत अशा आईवडिलांची आहेत. ज्या पत्रांत इतरांचेही प्रश्न सामावले आहेत अशी पाच पत्रे इथे घेतली आहेत.

मिरजेहून एक आजोबा लिहितात : आदरणीय बाई, मुलगा स्टॉकहोमजवळ राहतो. नातू पाच महिन्यांचा आहे आणि मुलाला सुट्टी असल्यामुळे तो आम्हांला डिसेंबरातच बोलावतो आहे. माझे वय ६४, पत्नीचे ६०. आम्हांला महाबळेश्वरची थंडीसुद्धा सोसत नाही. उन्हाळ्यापर्यंत थांबावे का?

थांबू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. थंडीची जितकी भीती आपण बाळगतो तितकी ती तिथे घरात जाणवत नाही. आपल्याकडे डिसेंबरातल्या पहाटे घरातले आणि अंगणातले तापमान जवळजवळ सारखेच असते, त्यामुळे बारा-तेरा अंशांची थंडीही आपल्याला रात्रभर अंगावर घ्यावी लागते. तिथल्या घरांच्या खिडक्यांना दुहेरी-तिहेरी काचा असतात, भिंतीलगतच्या नळ्यांतून गरम पाणी खेळवलेले असते आणि घरात वीस-एकवीस अंश तापमान कायम राहते. बाहेर डिसेंबरात पारा शून्याच्या आसपास असतो आणि थंडीची लाट आली की उणे पंधरापर्यंत किंवा त्याखालीही जातो. पण आपण तितक्या थंडीत एका वेळी तासभरच असतो, तेही नीट कपडे घालून. अंगालगतचा कपडा सुती नसावा, लोकरीचा असावा, कारण सुती कपडा घाम धरून ठेवतो आणि मग तोच गार पडतो. त्यावर स्वेटर, आणि सर्वांत वर वारा अडवणारे जाकीट. बूट किंचित मोठे घ्यावेत, म्हणजे जाड मोजे घालूनही बोटे हलती राहतात. हे सारे तिथेच घेतलेले बरे. आपल्याकडच्या बाजारात मिळणारे जाकीट तिथे पुरत नाही.

खरी काळजी निसरड्याची घ्यावी. दिवसा वितळलेला बर्फ रात्री पुन्हा गोठला की रस्त्यावर त्याचा पातळ, पारदर्शक थर बसतो आणि तो डोळ्यांना दिसत नाही. नगरपालिका पायवाटांवर बारीक खडी टाकते, तरीही तुमच्या वयाच्या माणसांनी बुटाच्या तळव्याला अडकवायचे खिळ्यांचे पट्टे पहिल्याच दिवशी विकत घ्यावेत. जाकिटाला रिफ्लेक्टरही लावावा. उसाच्या ट्रॉलीला मागे रिफ्लेक्टर नसेल तर गळीत हंगामात काय होते ते आपल्या भागात सर्वांना ठाऊक आहे. तिथे अंधारातून चालणाऱ्या माणसाची गत तीच असते, म्हणून लहान मुलांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळे तो लावतात.

आता काळोखाविषयी, कारण त्याची तयारी करून कोणीच जात नाही. मी आयुष्यभर भूगोल शिकवला, पृथ्वीचा कललेला अक्ष फळ्यावर शेकडो वेळा काढला; पण त्याचा अर्थ मला उप्सालाला समजला. २१ डिसेंबरला मिरजेत दिवस अकरा तासांचा असतो, आणि भर दुपारचा सूर्य क्षितिजापासून सुमारे ५० अंशांवर असतो. उप्सालाला त्या दिवशी सूर्य पावणेनऊच्या पुढे उगवतो, पावणेतीनच्या आत मावळतो आणि माध्यान्हीलाही सात अंशांपेक्षा वर चढत नाही. दिवसभर सावल्या लांबच लांब राहतात, आणि ढग असतील तर सूर्य आठवडाभर दिसतही नाही. पहिल्या आठवड्यात मी सवयीने तिन्हीसांजेला देवापुढे दिवा लावायला उठले, तेव्हा घड्याळात तीन वाजले होते. शरीराचाही असाच गोंधळ होतो: संध्याकाळी पाचला जेवणाची वेळ झाल्यासारखी वाटते आणि पहाटे तीनला टक्क जाग येते. यावर उपाय एकच, आणि तो मला तिथल्या शेजारणीने सांगितला. अकरा ते एक या वेळेत, आभाळ कसेही असो, रोज घराबाहेर पडायचे. स्वयंपाक, फोन, विश्रांती यांना उरलेला सगळा दिवस असतो. नातवालाही त्याच वेळी बाबागाडीतून बाहेर न्यावे. तिथे तान्ह्या मुलांना नीट गुंडाळून थंडीत बाबागाडीतच दुपारची झोप घेऊ देण्याची पद्धत आहे; सूनबाईंनी तसे केले तर घाबरून जाऊ नये.

व्हिसासाठी अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, तो शेवटच्या पंधरवड्यावर ढकलू नये. कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवस राहण्याची मुभा असते आणि किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा काढावाच लागतो. रक्तदाबाची औषधे पूर्ण मुक्कामाची न्यावीत आणि डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीतून लिहून घ्यावी.

कराडहून एक भगिनी विचारतात : माझ्या सासूबाई माळकरी आहेत. या वर्षी नाताळात आम्ही दिरांकडे स्वीडनला जात आहोत. त्यांच्या सणात आपण सहभागी व्हावे का, आणि सासूबाईंच्या खाण्याचे काय करावे?

सहभागी अवश्य व्हावे, आणि शक्य असल्यास १३ डिसेंबरच्या आधी पोहोचावे. नाताळचा मुख्य दिवस तिकडे २४ तारखेची संध्याकाळ हा असतो. परंतु आपल्यासारख्यांच्या मनाला सर्वांत भिडेल तो लूसियाचा दिवस. लूसिया ही सिसिली बेटावरच्या सिराक्यूज गावची ख्रिस्ती संत, इसवी सन ३०४ च्या सुमारास तिने धर्मासाठी प्राण दिले अशी परंपरा सांगते. इटलीतल्या संतेचा उत्सव इतक्या उत्तरेला रुजला, त्यामागे पंचांग आहे. मध्ययुगात चालणाऱ्या जुन्या ज्युलियन कालगणनेत वर्षातली सर्वांत मोठी रात्र १३ डिसेंबरच्या आसपास येत असे. पुढे १७५३ साली स्वीडनने नवी कालगणना स्वीकारली आणि मोठी रात्र २१ तारखेकडे गेली. उत्सव मात्र जुन्याच तारखेला राहिला. १९२७ साली स्टॉकहोममधल्या एका वृत्तपत्राने लूसिया निवडण्याची स्पर्धा घेतली, तेव्हापासून आजच्या मिरवणुकी देशभर पसरल्या.

त्या दिवशी उजाडण्यापूर्वी शाळेत, चर्चमध्ये, कचेऱ्यांत दिवे मालवले जातात. दूरवरून गाण्याचे सूर ऐकू येतात आणि पांढरा पायघोळ झगा, कमरेला लाल पट्टा, डोक्यावर मेणबत्त्यांचा मुकुट अशी एक मुलगी काळोखातून हळूहळू पुढे येते. तिच्यामागे हातात दिवे घेतलेल्या मुली आणि चांदण्या चिकटवलेल्या उंच टोप्या घातलेली मुले. माझी नात त्या रांगेत होती. गाण्याचा एक शब्दही मला कळत नव्हता, तरी काकड आरतीला पहाटेच्या अंधारात देवळात उभे राहिल्यावर जे वाटते तेच मला तिथे वाटले. तुमच्या सासूबाईंनाही ते वेगळे सांगावे लागणार नाही. नाताळच्या आधीच्या चार रविवारी दर आठवड्याला एक जास्त मेणबत्ती लावतात आणि खिडकीत कागदी चांदणी टांगतात. आपला आकाशकंदील दिवाळीनंतर उतरतो त्याच सुमारास त्यांचा चढतो.

खाण्याच्या बाबतीत सावध राहावे. २४ तारखेच्या ताटात डुकराचे मांस, मांसाचे गोळे आणि मुरवलेले हेरिंग मासे प्रमुख असतात. ‘यान्सनचा मोह’ नावाचा बटाट्यांचा एक पदार्थ दिसायला पूर्ण शाकाहारी असतो, पण त्यात लहान मासे घातलेले असतात; आमच्या परिचयातल्या एका आजींची त्यावरून फार पंचाईत झाली होती. तांदळाची दाट खीर मात्र निःशंक खावी. दूध, तांदूळ आणि वर दालचिनी, इतकेच तिच्यात असते. तिच्यात एक बदाम लपवतात आणि तो ज्याच्या वाट्याला येईल त्याचे पुढच्या वर्षी लग्न होते अशी समजूत आहे. पूर्वी शेतावरचे लोक या खिरीची एक वाटी गोठ्यात राखणदार बुटक्यासाठी ठेवत. आपण वास्तुपुरुषाला नैवेद्य दाखवतो, त्यातलाच हा भाव मानावा. केशर घातलेले पिवळेधमक पाव लूसियाच्या दिवशी घरोघरी होतात, आणि वेलदोड्याचे पाव तर वर्षभर मिळतात. इतक्या दूरच्या देशात स्वयंपाकघरातून वेलदोड्याचा वास येतो याचे मला शेवटपर्यंत अप्रूप वाटले. सासूबाईंना अंडे चालत नसेल तर पाव घेण्यापूर्वी विचारून घ्यावे. ग्लग नावाचे मसालेदार गरम पेय मुळात वाइनचे असते. त्याचा मद्यविरहित प्रकारही दुकानात सहज मिळतो.

तासगावहून एक बागायतदार लिहितात : मुलीसाठी घरचे बेदाणे, हळद आणि साताऱ्याचे कंदी पेढे न्यायचे आहेत. विमानतळावर अडवतात का?

बेदाणे आणि हळद घरच्यापुरती खुशाल न्यावी. ग्लगच्या पेल्यात बेदाणे आणि सोललेले बदाम घालण्याची रीत आहे, तेव्हा तासगावचे बेदाणे मुलीच्या शेजाऱ्यांनाही द्यावेत. यापेक्षा साजेशी भेट मला सुचत नाही. सांगलीचे भडंग आणि शेंगदाण्याची चटणीही चालते. पेढे मात्र नेता येणार नाहीत. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशांना दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सोबत आणण्यास मनाई आहे. जनावरांचे रोग पसरू नयेत, हे त्याचे कारण. त्यामुळे पेढे, खवा, तूप घरीच ठेवावे. ताजी फळे, भाज्या, कढीपत्ता यांनाही वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्राशिवाय परवानगी नाही. केळी, नारळ, अननस अशी मोजकी फळे तेवढी या नियमातून वगळली आहेत. आपण स्वतः शेतकरी आहात. या नियमामागची काळजी आपल्याला पटेल.

वाईहून एक तरुण विचारतो : जानेवारीत आठ दिवस हाताशी आहेत. उत्तर ध्रुवीय प्रकाश नक्की दिसेल अशी जागा कोणती?

नक्की दिसेल असे वचन कोणी देत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नये. सूर्याकडून आलेले विद्युतभारित कण पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रामुळे ध्रुवाभोवतीच्या कड्यात खेचले जातात आणि वरच्या वातावरणातल्या ऑक्सिजन व नायट्रोजनवर आदळून प्रकाश निर्माण होतो. नेहमी दिसणारा हिरवा रंग ऑक्सिजनचा. हे सारे शंभर किलोमीटर आणि त्याहून वर घडते, आणि ढग त्याच्या पुष्कळ खाली असतात. म्हणून जागा निवडताना आभाळ कुठे निरभ्र असते ते पाहावे. स्वीडनमधले आबिस्को पर्वतांच्या आडोशाला असल्यामुळे तिथे पाऊस-बर्फ कमी पडतो. स्टॉकहोमहून रात्रीची रेल्वे किरुनामार्गे तिथवर जाते. एक रात्र गाडीत आणि किमान तीन रात्री आबिस्कोत, असा बेत करावा. किरुनाजवळच्या युकसयार्वी गावात तोर्ने नदीचा बर्फ कापून दर हिवाळ्यात हॉटेल उभारतात. ते बाहेरून आणि आतून पाहावे, रात्र मात्र उबदार खोलीत काढावी. नॉर्वेचे ट्रॉम्सोही उत्तम. ते ६९ अंश उत्तरेला असूनही अटलांटिकच्या उबदार प्रवाहामुळे तिथले बंदर गोठत नाही, पण समुद्राकाठी असल्याने ढग जास्त. दोन्ही देशांत रोख पैशांचा वापर फार थोडा उरला आहे, तेव्हा चालणारे कार्ड जवळ ठेवावे.

पलूसहून एक आई लिहिते : मुलगी तिथे शिकायला गेली. दिवाळीपर्यंत आनंदात होती. आता फोनवर फारसे बोलत नाही, सारखी झोप येते म्हणते. तिला परत बोलावू का? पुढच्या महिन्यात मी धाकट्या नातवाला पाहायला थोरलीकडे त्याच शहरात जाणार आहे.

ताई, आपले पत्र मी दोनदा वाचले. मुलीला ‘आळस सोड’ असे कृपया म्हणू नका. हिवाळ्यातल्या अपुऱ्या प्रकाशामुळे येणारी उदासी हा मान्य झालेला विकार आहे. १९८४ साली डॉ. नॉर्मन रोझेनथाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचे शास्त्रीय वर्णन केले. जास्त झोप, गोडाची ओढ, कशातच मन न लागणे ही त्याची लक्षणे आहेत, आणि प्रखर दिव्यासमोर सकाळी ठरावीक वेळ बसण्यापासून औषधांपर्यंत त्यावर उपचार आहेत. तिला ११७७ या क्रमांकावर फोन करायला सांगा. स्वीडनमध्ये आरोग्यविषयक सल्ल्यासाठी तो आहे. जिवाचे बरेवाईट करण्याचा विचार तिने कधी बोलून दाखवला, तर क्षणाचाही उशीर न करता ११२ ला फोन करावा. सावळ्या कातडीला त्या उन्हात ड जीवनसत्त्व जवळजवळ मिळतच नाही, त्यामुळे त्याची तपासणीही करून घ्यावी. परत बोलावण्याचा निर्णय डॉक्टरांशी बोलल्यावर, आणि तिच्याशी बोलूनच घ्यावा. तोवर आपण रोज तिच्या दुपारी बाराला, म्हणजे आपल्या साडेचारला, फोन करा आणि ती चालत असतानाच बोला. माझ्या लेकीने पहिला हिवाळा असाच काढला.

आपण जानेवारीत जात आहात हे फार चांगले झाले. १३ जानेवारीला तिथे नाताळ संपतो. त्या सुमारास मुलांना जमवून झाडावरची मिठाई वाटतात, गाणी म्हणत फेर धरतात आणि मग झाड घराबाहेर काढतात. आपल्याकडे ती भोगी, आणि दुसऱ्या दिवशी संक्रांत. उप्सालाला तोवर दिवस सुमारे पाऊण तासाने वाढलेला असतो, आणि ट्रॉम्सोमध्ये दोन महिन्यांनी डोंगराआडून सूर्य परत दिसतो त्या २१ जानेवारीच्या सुमारास लोक गोड वडे खाऊन तो दिवस साजरा करतात. नातवाचे बोरन्हाण त्याच आठवड्यात ठेवा आणि दोन्ही मुलींना हाताशी घेऊन करा. बोरे आणि उसाचे करवे नेता येणार नाहीत. कुरमुरे, बेदाणे, हलवा आणि तिळगूळ न्या. तिळगुळात तूप घालू नका.